घरातला जुना कॉम्प्युटर: विंडोज बदलायचं, मशीन बदलायचं की जरा थांबायचं?

नौपाड्यात आईबाबांच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात एक डेस्कटॉप आहे. २०१६ च्या दिवाळीत घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, वर आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर. गेल्या वर्षी त्याच्या स्क्रीनवर पाटी झळकायला लागली की विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. बाबांनी ती पंधरा दिवस टोलवली आणि मग मला ऐरोलीला फोन केला. "अगं, हा म्हणतोय वय झालं. माझं का त्याचं, ते काही लिहिलेलं नाही."

त्या फोनमुळे मी तीन कॉम्प्युटरांत हात घातला: बाबांचा, माझा स्वतःचा लॅपटॉप आणि आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला. तिन्हींचं उत्तर वेगळं निघालं, आणि तिसऱ्यात मी माती खाल्ली. तुमचा वेळ वाचावा म्हणून, ज्या क्रमाने मी करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते.

१. 'हळू' आणि 'जुनं' ही दोन वेगळी दुखणी आहेत

नव्वद टक्के संभाषणं अशी सुरू होतात: "कॉम्प्युटर फार स्लो झालाय, त्यावर विंडोज ११ टाकून दे." हे म्हणजे गुडघा दुखतोय म्हणून चष्म्याचा नंबर वाढवून घेण्यासारखं. विंडोज ११ टाकल्याने जुनं मशीन वेगवान होत नाही. कागदावर त्याला ४ जीबी रॅम पुरते, प्रत्यक्षात तेवढ्यात ते रडतं.

हळूपणाचं कारण बहुतेक वेळा आतली फिरणारी हार्डडिस्क असते. खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्क बघा. तिथे एचडीडी (म्हणजे हीच फिरणारी हार्डडिस्क) लिहिलं असेल आणि काहीही न करता आकडा शंभर टक्क्यांना चिकटून बसला असेल, तर दोषी सापडला. बाबांच्या मशीनवर सुरू केल्यापासून सात मिनिटं तो आकडा खाली येत नव्हता. बाबा तेवढ्यात चहा करून घेत. एसएसडी (फिरता भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप यायला लागला, आणि त्यात विंडोजला कोणी हातही लावला नव्हता.

'जुनं' हे दुसरं दुखणं. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबला १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. त्यानंतर विंडोजमध्ये जी भोकं सापडतील ती आपोआप बुजवून मिळणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अँटिव्हायरस आहे ना, असं शेजारचे काका म्हणतील. अँटिव्हायरस म्हणजे वॉचमन. भिंतीला भगदाड असेल तर गेटवरच्या वॉचमनचा उपयोग मर्यादितच.

पुढे काय होतं याचा अंदाज विंडोज ७ वरून येतो. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. तरी गाडी चालत राहिली. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमनेही विंडोज ७ आणि ८.१ साठी नवी आवृत्ती काढणं थांबवलं, आणि मग हळूहळू साइट कुरकुरायला लागल्या. कोणी एका रात्रीत बाहेर काढत नाही, पण पाणी हळूहळू बंद होतं.

२. त्यावर कोण बसतं आणि काय करतं, ते आधी कागदावर लिहा

ही पायरी सगळे गाळतात. मीही सोसायटीच्या वेळी गाळली.

आमच्या ऑफिसातलं मशीन तसं बरं होतं, आठव्या पिढीचं. विंडोज ११ साठी पात्र आहे असा हिरवा टिकमार्कही आला. मी म्हटलं, सोपंच आहे. रविवारी दुपारी अपग्रेड करून मोकळी झाले. सोमवारी सेक्रेटरी काकांचा फोन: "ताई, वार्षिक सभेची नोटीस काढायचीये आणि मराठी येत नाहीये." सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, नोटीस चौदा दिवस आधी लावावी लागते, आणि त्यांची मराठी ज्या जुन्या टायपिंग प्रोग्रामवर चालायची त्याला मागे यूएसबीचा डोंगल (किल्लीसारखा खोचायचा तुकडा) लागत होता. त्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजशी त्याची ओळख करून देणारा प्रोग्राम, विंडोज ११ वर चालेना. वर आणखी एक गंमत: गेल्या बारा वर्षांची इतिवृत्तं युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) नव्हतीच. फॉन्ट गेला तशी सगळी पानं इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायला लागली.

शेवटी दहा दिवसांच्या मुदतीत जुन्या विंडोजवर परत गेले (त्याबद्दल पुढे सांगते), सगळी इतिवृत्तं तिथूनच पीडीएफ करून घेतली, कामाच्या फायली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्या आणि काकांना विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड शिकवला. मग दिवाळीनंतर दुसऱ्यांदा अपग्रेड केलं. 'क्ष' कसा काढायचा हे विचारायला ते अजून फोन करतात.

तेव्हा कागद घ्या आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला विचारा. खास करून या गोष्टी:

मराठी कशाने टाइप होतं. फायली दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवून बघा. नीट दिसल्या तर युनिकोड आहे, चिवडा दिसला तर आधी वरची सर्कस करा.

टॅली (हिशेबाचा प्रोग्राम) आहे का. असेल तर डेटाचा फोल्डर कुठे आहे ते बघून ठेवा, आणि मशीन फॉरमॅट करायच्या किंवा बदलायच्या आधी लायसन्स सरेंडर करा. हे विसरलात तर नव्या मशीनवर ते चालू करताना उगाच फोनाफोनी होते.

डिजिटल सहीचं टोकन आहे का. पेनड्राइव्हसारखं दिसतं ते. त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी मिळतो का, ते आधी बघा. रिटर्न भरायच्या आठवड्यात हा प्रयोग करू नका.

प्रिंटर आणि स्कॅनर. पाठीमागचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का बघा. दहा वर्षांचा लेझर प्रिंटर ठणठणीत असतो, ड्रायव्हरअभावी मरतो.

बाबांचा कागद मात्र चार ओळींचा निघाला: यूट्यूबवर नाट्यगीतं, बँक, ईमेल, आणि एक एक्सेल ज्यात ते १९९८ पासूनचा दूध-पेपरचा हिशेब ठेवतात. का, ते विचारू नका.

३. मशीनची कुंडली

सेटिंग्ज, मग सिस्टम, मग अबाउट. तिथे प्रोसेसर, रॅम आणि विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हे एकाच पानावर मिळतं.

प्रोसेसरच्या नावातला आय-थ्री किंवा आय-फाइव्ह हा भाग लोक अभिमानाने सांगतात, पण इथे तो कामाचा नाही. त्यापुढचा आकडा बघा. ६१०० म्हणजे सहावी पिढी, ८२५० म्हणजे आठवी, १०२१० म्हणजे दहावी. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढे विंडोज ११ ला चालतं. एएमडी रायझनमध्ये २००० मालिकेपासून पुढे, पण त्यातही काही गाळलेले आहेत. म्हणून स्वतः अंदाज बांधत बसण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट अॅप चालवा. नापास केलं तर कशात केलं तेही ते सांगतं.

आणि नापास होण्याचे दोन प्रकार असतात, त्यांत गल्लत करू नका.

प्रोसेसरमध्ये नापास झालात तर विषय संपला. ४ थ्या मुद्द्यावर जा.

टीपीएम किंवा सिक्युअर बूटमध्ये नापास झालात तर बऱ्याचदा ते फक्त बंद असतं. माझ्या लॅपटॉपवर तसंच होतं. टीपीएम ही किल्ल्या जपून ठेवणारी सोय आहे, आणि विंडोज ११ ला तिची २.० ही आवृत्ती लागते. गेल्या आठ-दहा वर्षांतल्या बहुतेक मशीनमध्ये ती असते, पण डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेली आढळते. मशीन सुरू होताना एफ २ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जायचं आणि इंटेल असेल तर 'पीटीटी', एएमडी असेल तर 'एफटीपीएम' हे नाव शोधायचं. तिथे टीपीएम नावाने शोधलंत तर दिवसभर सापडणार नाही.

सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचा प्रोग्राम चालू देणारी सोय. तिच्यासाठी मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू व्हावं लागतं. सर्चमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड'ची ओळ बघा. 'लेगसी' दिसलं तर डिस्कची मांडणी आधी एमबीआरवरून जीपीटीवर न्यावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच साधन आहे, पण ते कमांड लिहून चालवायचं आहे आणि तिथे एक चूक महागात पडते. कमांडची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून, बॅकअप घेतल्यानंतरच करून घ्या.

इथला सर्वांत मोठा सापळा: बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल आणि तुम्ही टीपीएमशी खेळलात, तर पुढच्या वेळी मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आता ते अकाउंट कोणत्या ईमेलवर उघडलं होतं आणि पासवर्ड काय, हे दुकानदाराला माहीत असतं असं उत्तर असेल, तर आधी तो घोळ मिटवा.

४. आता ठरवा

पास झालात आणि कागदावरची कामं नव्यावर चालतात: विंडोज ११ वर जा. अधिकृत विंडोज १० असेल तर हे अपग्रेड फुकट आहे, 'विंडोज अपडेट'मधूनच मिळतं. फार विचार करू नका.

नापास झालात, पण मशीन बरं चाललंय: एक वर्षाची मुदतवाढ आहे. तिला एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, थोडक्यात ईएसयू म्हणतात. घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळतात. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती मात्र हवी. मिळवायचे तीन मार्ग: मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्जचा बॅकअप चालू केलात तर फुकट, मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट देऊन, किंवा ३० डॉलरच्या आसपासची रक्कम भरून. 'विंडोज अपडेट'च्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसते. एका अकाउंटवर दहा मशीनपर्यंत चालतं, म्हणजे आईबाबांचं, सासरचं, सगळं एकात बसतं. इथे एक बारीक गोष्ट सांभाळा. फुकटच्या मार्गाला सेटिंग्जचा बॅकअप पुरतो. तिथेच फोटो आणि डॉक्युमेंट्सचेही बॅकअप चालू करून बसलात, तर वनड्राइव्हची फुकटची ५ जीबी एका लग्नाच्या फोटोंत भरते आणि मग जागा विकत घ्या म्हणून रोज तगादा.

ईएसयू म्हणजे भाडेकरार वाढवून घेणं. त्या वर्षात पुढचं घर बघायचं असतं.

पुढचं घर लिनक्सही असू शकतं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टम. ज्याचा कागद बाबांसारखा चार ओळींचा आहे, त्याला तिचा लिनक्स मिंट हा प्रकार सहज जमतो. फुकट आहे, किमान २ जीबी रॅमवर उभं राहतं, ४ असेल तर बरं, आणि २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. सर्वांत छान म्हणजे पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय चालतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, ते अर्ध्या तासात कळतं. लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारा प्रोग्राम) आत येतंच आणि मराठीही टाइप होतं. पण टॅली हवी असेल, डिजिटल सही रोजची असेल किंवा एक्सेलमध्ये मॅक्रो असतील तर मी लिनक्सचं नावही काढणार नाही. उत्साही भाच्याच्या सांगण्यावरून तर अजिबात नाही, कारण भाचा पुण्याला जातो आणि प्रश्न तुमच्याकडे राहतो.

पाचव्या-चौथ्या पिढीचं मशीन, पंखा घरघरतोय, बिजागरी तुटलीये, वर टॅलीही हवीये: त्यावर पैसे घालू नका. नवं घ्या.

आणि एक वाट, जी दुकानात हमखास सुचवली जाते: "नापास असलं तरी आपण टाकून देऊ, काही होत नाही." तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, हे खरं. पण अशा मशीनला अपडेट्सचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटलंय. वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दर वेळी तीच कसरत. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तर काही फार जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही. स्वतःच्या मशीनवर हौस म्हणून करा. आईवडिलांच्या करू नका.

५. सुरुवात करण्याआधी टेबलावर काय हवं

- बाहेरची हार्डडिस्क, आणि तिच्यावर फोटो, डॉक्युमेंट्स, टॅलीचा डेटा, ब्राउझरचे बुकमार्क. कॉपी झाल्यावर दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फायली उघडून बघा.
- ८ जीबी किंवा मोठा रिकामा पेनड्राइव्ह
- मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल, पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू असल्याची खात्री
- बिटलॉकरची की, असल्यास, कागदावर
- ऑफिसची की किंवा ती ज्या अकाउंटवर आहे ते अकाउंट
- प्रिंटरचा मॉडेल नंबर, डिजिटल सहीचं टोकन आणि त्याचा पिन
- वायफायचा पासवर्ड. हसू नका, माझ्याकडे नव्हता.

डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली आणि व्हॉट्सअॅपवरून डाउनलोड झालेले सी ड्राइव्हमधले फोटो विसरू नका. "डी ड्राइव्हमध्ये सगळं आहे" असं सांगणाऱ्याचं खरं सामान नेहमी डेस्कटॉपवर असतं.

६. दुकानात जाताना

एसएसडी आणि रॅम ठाण्यात गोखले रोडच्या आसपास, वाशीत सेक्टर १७ मध्ये मिळतात. दहा ठिकाणी भाव बघायची हौस असेल तर फास्ट लोकलने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. जाण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात: एसएसडी अडीच इंची साटा लागते की एम.२, आणि रॅम डीडीआर ३ आहे की ४. चुकीची रॅम खाचेत बसतच नाही, त्यामुळे निदान काही जळणार नाही, पण हेलपाटा होतो.

मशीन दुकानात ठेवून यावं लागलं तर ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आधी काढा. जुनी डिस्क परत मागून घ्या, ती तुमची आहे आणि तिच्यात तुमचं पॅन, आधार, सगळं आहे. आणि 'ओरिजिनलसारखंच चालतं' असं विंडोज नको म्हणून ठणकावून सांगा. माझ्या ओळखीच्या एकांच्या घरी असं विंडोज टाकून दिलं होतं. अॅक्टिव्हेट करायच्या प्रोग्रामसाठी दुकानदाराने अँटिव्हायरस बंद केला होता आणि तो वर्षभर तसाच बंद होता. बँकेचं काम त्याच मशीनवर चालू.

७. अपग्रेडचा दिवस

काही जीबी डाउनलोड होतं, त्यामुळे मोबाइल हॉटस्पॉटवर करू नका. डेस्कटॉप असेल तर महावितरणचा देखभालीचा बंद त्या दिवशी आहे का ते बघा. मेसेज आलेला असतो, आपण वाचत नाही. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. टक्केवारी एका जागी वीस मिनिटं अडकली तरी बटण दाबून बंद करू नका. दोन तास धरून चाला, जुन्या डिस्कवर अधिक.

झाल्यावर लगेच कागद काढा आणि त्यावरची एकूणएक कामं करून बघा: एक प्रिंट, एक मराठी नोटीस, एक टॅली एंट्री, एक सही. घाई यासाठी की जुन्यावर परत जायची सोय फक्त दहा दिवस असते. सेटिंग्जमध्ये 'रिकव्हरी'त 'गो बॅक' म्हणून ती मिळते. त्या दहा दिवसांत जागा मोकळी करायच्या नादात 'मागचं विंडोज' डिलीट केलंत, तर परतीचा रस्ता तिथेच संपतो. सोसायटीच्या वेळी मी आठव्या दिवशी परतले होते.

बाबांचं काय झालं, ते राहिलं. सहावी पिढी, म्हणजे प्रोसेसरमध्येच नापास. एसएसडी घातली, रॅम ८ जीबी केली, माझ्या अकाउंटवर ईएसयूला नोंदवलं. शेजारी मिंटचा पेनड्राइव्ह ठेवलाय आणि दर रविवारी बाबा तासभर त्यावर बसतात. दुधाचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये उघडला, बेरजा जुळल्या, त्यांनी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिल्या. यूट्यूब चाललं. प्रिंटर पहिल्या झटक्यात सापडला, जो विंडोजवर दोन वर्षं नखरे करत होता. आता एकच तक्रार उरलीये, पत्त्यांचा खेळ पहिल्यासारखा दिसत नाही.